पिवळा दाखला : पूर्व आफ्रिकेच्या वाटेवरील आरोग्यविचार

मुंबईहून निघालेले विमान आज सहा तासांच्या आसपास नैरोबीला पोहोचते. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षे हाच प्रवास ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या आगबोटींनी होत असे, आणि मुंबईच्या धक्क्यावर आप्तेष्टांचा निरोप घेऊन निघालेला मनुष्य मोम्बासाच्या बंदरात पाय ठेवीपर्यंत आठवडा उलटून गेलेला असे. त्या आठवड्यात त्याचे शरीर नव्या हवेला थोडेफार रुळे, आणि एखादा रोग अंगात दबा धरून बसलेला असलाच, तर तो बहुधा वाटेतच, बोटीवरील डॉक्टरांच्या देखत, प्रकट होई. विमानाने अंतर पुसून टाकले, त्याबरोबर सावधगिरीचा हा नैसर्गिक अवधीही पुसला गेला. आणि पूर्वी जे काम समुद्र आपोआप करीत असे, ते आता प्रवाशाने घरी बसून, बुद्धिपुरस्सर आणि वेळेवर करावयाचे आहे.

हे काम करावे लागणाऱ्यांची संख्याही आता लहान राहिलेली नाही. सेरेंगेटीच्या माळावरून मारा नदी ओलांडून येणारे विल्डबीस्टचे अफाट कळप पाहण्यासाठी जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत, आणि त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत, पुण्यामुंबईची, नाशिक-कोल्हापूरची अनेक कुटुंबे केनियाची वाट धरतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकेतून नुकतेच सेवामुक्त झालेले दांपत्य असते, नातवंडांना सोबत घेतलेले आजीआजोबा असतात. दुर्बिणी, कॅमेरे, गरम कपडे, चिवडा आणि चकल्या यांनी भरलेल्या त्या सामानात सर्वांत हलका आणि तरीही सर्वांत मोलाचा असा एक दस्तऐवज असतो : पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा पिवळ्या रंगाचा आंतरराष्ट्रीय दाखला. तो नसेल, तर केनियासारख्या पीतज्वराच्या प्रदेशातून परतणाऱ्या माणसाला, मग तो भारताचा नागरिक का असेना, आपले सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकते. पुष्कळांना हा दाखला म्हणजे सरकारी दफ्तराची आणखी एक कटकट वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू असा की, त्या कागदामागे केवढा इतिहास आणि केवढा विवेक उभा आहे ते सांगावे. आणि परदेशातील आरोग्याची राखण घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच करावी लागते, व ती एकट्या प्रवाशासाठी नसून सर्वांसाठी असते, हे वाचकांच्या मनावर ठसवावे.

*

पूर्व आफ्रिकेशी आपला संबंध पर्यटनाने सुरू झालेला नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग बांधला गेला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले, आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी गेले, गोमंतकीय कारकून, शिंपी आणि स्वयंपाकी गेले. त्या लोहमार्गाची जी कथा जगभर गाजली ती सावो नदीच्या पुलाची : १८९८ साली दोन सिंहांनी तेथील मजुरांना कित्येक महिने भयभीत करून सोडले, काम बंद पाडले, आणि अखेर ते मारले गेले. परंतु सिंहांनी जितकी माणसे नेली त्याच्या अनेक पटींनी माणसे हिवतापाने, आमांशाने, विषम हवामानाने आणि कामावरच्या अपघातांनी नेली. त्यांची कथा झाली नाही.

आजचा प्रवासीही जाण्यापूर्वी विचारतो तो सिंहाविषयी, सापाविषयी, फार तर चोराविषयी. ज्यांपासून त्याला खरोखर अपाय होण्याचा संभव आहे ते डास, ते पाणी, तो रस्ता आणि त्याचे स्वतःचे जुने दुखणे, यांविषयी तो फारसा विचारीत नाही. मनुष्याचे भय हे बहुधा दृश्य वस्तूकडे धावते. आरोग्यशास्त्राने त्याला अदृश्याची मोजदाद करावयास शिकविले, आणि त्या शिक्षणाचा एक मोठा धडा आपल्या मुंबईतच लिहिला गेला.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे निदान केले. ही साथ बहुधा हाँगकाँगकडून जहाजांच्या वाटेने आली होती, आणि मुंबईहून ती जहाजांच्याच वाटेने पुढे जाईल या धास्तीने युरोपातील सरकारे हवालदिल झाली. १८९७ साली व्हेनिस येथे एक आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद केवळ प्लेगचा विचार करण्यासाठी भरली. मुंबईहून सुटणारी जहाजे, त्यांवरील यात्रेकरू आणि माल यांवर निर्बंध आले. त्याच वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे जन्मलेला शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करीत होता, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळ येथील जी संस्था आज त्याचे नाव धारण करते ती त्याच्याच प्रयोगशाळेची परंपरा आहे. एकेकाळी अवघे जग ज्या शहराकडे संशयाने पाहत होते, आणि ज्या शहरानेच जगाला एक प्रतिबंधक लस दिली, त्या शहरातून निघणाऱ्या प्रवाशाला या दाखल्याचा अर्थ इतर कोणाहीपेक्षा अधिक कळला पाहिजे.

*

पीतज्वर हा आफ्रिकेचा व दक्षिण अमेरिकेचा रोग. आरंभी ताप, अंगदुखी, ओकारी. बहुतेक रुग्ण यातून तीन-चार दिवसांत बरे होतात. मात्र काहींच्या बाबतीत तो ताप उतरल्यासारखा दिसून पुन्हा उसळतो, यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, डोळे व त्वचा पिवळी पडते, रक्तस्राव होतो. आणि जे या दुसऱ्या टप्प्यात शिरतात त्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. या विषाणूवर नेमके औषध आजही नाही. हा रोग डासामुळे पसरतो हे कार्लोस फिनले या क्यूबातील वैद्याने १८८१ साली सुचविले. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले, आणि त्या प्रयोगांत जेसी लाझिअर या सहकाऱ्याचा बळी गेला. पुढे १९२७ साली एड्रियन स्टोक्स लागोस येथे, आणि १९२८ साली हिदेयो नोगुची अक्रा येथे, याच रोगाचा अभ्यास करता करता याच रोगाने गेले. अखेर दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या मॅक्स थेलर यांनी न्यूयॉर्क येथील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या प्रयोगशाळेत १९३७ साली ‘१७-डी’ ही लस सिद्ध केली, आणि १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या दंडात जी टोचली जाते ती याच लसीची संतती होय.

आशिया खंडात हा रोग कधीही रुजला नाही. तो रुजू नये यासाठी कोणती नैसर्गिक तटबंदी आपल्या बाजूने आहे याचा शोध शास्त्रज्ञ अद्याप घेत आहेत. परंतु त्याचा वाहक असलेला एडिस जातीचा डास आपल्या घरोघरच्या कुंड्यांत आणि टाक्यांत विपुल आहे, हे आपल्याला दर पावसाळ्यात डेंग्यू सांगून जातो. म्हणजे दारूगोळा सज्ज आहे. ठिणगी तेवढी बाहेरून यावयाची आहे. ही भीती जुनी आहे. १९१४ साली पनामा कालवा खुला झाला तेव्हा ती व्यक्त झाली, आणि विमानांचा काळ उगवताच १९३३ साली हेग येथे हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आरोग्यकरार झाला त्यालाही मुख्यतः हीच भीती कारणीभूत होती. पीतज्वराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस जातात. आगबोटीच्या प्रवासात हे दिवस समुद्रावरच सरत, विमानाच्या प्रवासात ते सरण्यापूर्वी मनुष्य आपल्या घरी पोहोचलेला असतो. सरकारने विलगीकरणाची मुदत सहा दिवसांची ठेवली आहे, ती या गणितावरून.

ही भीती कल्पनेतली नाही, हे २०१६ साली सर्वांना कळून चुकले. अंगोला देशाची राजधानी लुआंडा येथे २०१५च्या डिसेंबरात पीतज्वराची साथ उद्भवली. तेथे काम करणारे अनेक चिनी कामगार त्या काळात मायदेशी परतले, आणि त्यांपैकी अकरा जणांना चीनमध्ये पोहोचल्यावर पीतज्वर असल्याचे निष्पन्न झाले. आशियात प्रवाशांमार्फत हा रोग येऊन पोहोचल्याची ही पहिलीच नोंद होय. सुदैवाने तेथे पुढे प्रसार झाला नाही. तिकडे अंगोला व काँगो या देशांत तीन कोटींहून अधिक लोकांना लस द्यावी लागली, आणि साठा अपुरा पडल्यामुळे किन्शासा शहरात मात्रेचा पाचवा हिस्सा देऊन वेळ निभवावी लागली. ज्या अकरा माणसांच्या दंडात वेळेवर एक टोचणी पडली असती तर कोट्यवधींचा एक खंड धोक्याच्या छायेत आला नसता, त्यांचे उदाहरण प्रत्येक प्रवाशाने ध्यानी ठेवावे.

*

ही लस कोठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ती टोचली जाते, आणि त्या केंद्राचा शिक्का व अधिकाऱ्याची सही असलेला दाखलाच सीमेवर ग्राह्य धरला जातो. अशा केंद्रांवर सकाळीच रांग दिसते : बोटीवर रुजू होणारे तरुण खलाशी, आफ्रिकेतील कारखान्यांत नोकरीस निघालेले तंत्रज्ञ, अभ्यासासाठी निघालेले विद्यार्थी, आणि सहलीला निघालेली मध्यमवयीन मंडळी. एका कुपीत अनेकांपुरती मात्रा असते, आणि कोरडी लस द्रवात मिसळल्यानंतर सहा तासांच्या आत ती संपवावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून केंद्रे दिवस ठरवून, आधी नाव नोंदवून, माणसे एकत्र बोलावतात. ज्याला हे कारण ठाऊक नसते तो केंद्राच्या नावाने बोटे मोडतो. ज्याला ठाऊक असते तो आपली वेळ चुकवीत नाही, कारण त्याने चुकविलेली मात्रा वाया जाण्याचा संभव असतो.

टोचण्यापूर्वी तेथील डॉक्टर काही प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरे खरी देणे हे प्रवाशाचे पहिले कर्तव्य होय. ही जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, ज्यांची प्रतिकारशक्ती रोगाने किंवा औषधांनी क्षीण झाली आहे त्यांनी, ज्यांना थायमस ग्रंथीचा विकार झालेला आहे त्यांनी ती घेऊ नये. नऊ महिन्यांखालील बालकांना ती साधारणपणे देत नाहीत. गर्भवतींच्या बाबतीत, आणि साठीनंतर प्रथमच लस घेणाऱ्यांच्या बाबतीत, डॉक्टर लाभहानीचा तोल पाहून निर्णय देतात. साठीनंतरचा हा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आयुष्यभराची बचत हाती आल्यावर सहलीस निघणारे बहुतेक जण याच वयाचे असतात. लस देता येत नसेल तर तसा वैद्यकीय सूटपत्राचा दाखला रीतसर घेता येतो. मात्र ते सूटपत्र सीमेवरील अधिकाऱ्याला बंधनकारक नसते, आणि ते घेणाऱ्याला रोगापासून संरक्षणही देत नाही. अशा वेळी प्रवासाचे ठिकाणच बदलणे हा अनेकदा शहाणपणाचा मार्ग असतो.

लस घेतल्यापासून दहा दिवसांनी दाखला अंमलात येतो. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर वैध मानला जातो. पूर्वीची दहा वर्षांची मुदत आता उरलेली नाही. दाखल्यावरील नाव व पासपोर्टचा क्रमांक पासपोर्टशी जुळतो की नाही, तारीख स्पष्ट आहे की नाही, स्वतःची सही राहिली तर नाही ना, याची खातरजमा केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वीच करावी. आणि येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. घाईत असलेल्या माणसाला लस न टोचता नुसता शिक्का मारलेला कागद मिळवून देणारे दलाल ठिकठिकाणी आढळतात. असा खोटा दाखला घेणारा मनुष्य कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरतोच. परंतु त्याहून गंभीर हे की, तो स्वतःला निःशस्त्र ठेवून रोगाच्या प्रदेशात शिरतो आणि परतताना सगळ्या शेजारपाजाराला त्या जोखमीत ओढतो.

*

पीतज्वराचा दाखला सरकार मागते म्हणून तो विसरला जात नाही. हिवतापाचा दाखला कोणी मागत नाही; म्हणून प्रवासी त्याविषयी हयगय करतो, आणि पूर्व आफ्रिकेत खरी जोखीम त्याचीच अधिक असते. जगातील हिवतापाचे नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण आफ्रिकेत आहेत. डासाच्या शरीरातील हिवतापाच्या जंतूचा शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे लावला, म्हणजे हे ज्ञान आपल्याच भूमीवर जन्मले; तरीही “मलेरिया काय, आमच्याकडेही असतो” असे म्हणून दुर्लक्ष करण्याची वृत्ती आपल्यात आहे. मुंबईत जो हिवताप बहुधा आढळतो तो व्हायव्हॅक्स जातीचा, त्रासदायक पण क्वचितच प्राणघातक. आफ्रिकेतला बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, जो मेंदूवर चाल करून दोन-तीन दिवसांत माणसाला नेऊ शकतो. गडचिरोलीच्या जंगलात काम केलेल्या डॉक्टरांना हा भेद सांगावा लागत नाही.

नैरोबी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे धोका अल्प. परंतु मोम्बासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर येथे तो बराच, आणि सहलीचा मार्ग अनेकदा या सर्वांतून जातो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. क्लोरोक्विन तेथे निकामी ठरले आहे. डॉक्सिसायक्लिन प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावे लागते; अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस पुरते; मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण दोन-तीन आठवडे आधीपासून. यांपैकी कोणते कोणास योग्य हे वय, इतर औषधे आणि पूर्वीचे आजार पाहून ठरते. शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच गोळी घेणे अयोग्य. घरी पोहोचल्यावर, आता धोका टळला असे समजून गोळ्या मध्येच थांबविणे, ही तर सर्रास होणारी चूक आहे. हिवतापाचा डास सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. तेवढ्या वेळात पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या त्वचेवर डीईईटीयुक्त मलम, आणि औषध लावलेली मच्छरदाणी, हा बंदोबस्त साधा असला तरी अत्यंत परिणामकारक आहे.

*

पाण्याविषयी आपल्याला अधिक सांगावे लागू नये, असे वाटते. तरीही सहलीतील निम्मीअधिक दुखणी पोटाचीच असतात. स्वतःच्या गावचे पाणी पचविणारे पोट परक्या गावचे जंतू पचवीलच असे नाही. सीलबंद बाटलीतले किंवा उकळलेले पाणी प्यावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे ते उकळू द्यावे. बाटलीतल्या पाण्याची काळजी घेणारा मनुष्य सरबतातल्या बर्फाची काळजी घेत नाही, आणि गरम जेवण घेणारा शेवटी कापून ठेवलेल्या फळांच्या थाळीला हात घालतो. गरम आणि नुकतेच शिजवलेले अन्न, स्वतःच्या हाताने सोललेले फळ, आणि जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात, एवढ्यावर पोटाचा बहुतेक कारभार सुरळीत चालतो. व्हिक्टोरिया सरोवरासारख्या गोड्या पाण्यात पोहण्याचा मोहही आवरावा. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ साली कैरोत ज्याचा शोध लावला तो कृमी तेथील गोगलगायींतून पाण्यात येतो आणि अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतो.

जुलाब लागलेच तर पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेल्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली, शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातलगांकरवी पाजावयास लावले; शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. जगाने ज्या शोधाला प्राण वाचविणारा शोध म्हणून मान दिला तो अशा रीतीने एका भारतीय डॉक्टराच्या धैर्याने सिद्ध झाला. त्याची पाकिटे प्रत्येकाच्या पिशवीत असावीत. ती संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. विष्ठेत रक्त दिसले, ताप चढला, किंवा लघवी कमी झाली, तर स्वतःच प्रतिजैविके गिळीत न बसता डॉक्टर गाठावा.

*

सहलीच्या माहितीपत्रकात ज्याचा उल्लेख सहसा नसतो तो धोका म्हणजे रस्ता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मृत्यू पावली, आणि लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण आफ्रिकेत सर्वाधिक आहे. परदेशी प्रवाशांच्या अपमृत्यूंत रस्त्यावरील अपघातांचा वाटा मोठा असतो. केनियात वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, ही आपल्याला सोयीची गोष्ट. परंतु सोय वाटली की सावधपणा सुटतो. नैरोबीहून माराकडे जाणारा लांब रस्ता दिवसाउजेडीच पार करावा, पट्टा बांधल्याशिवाय गाडीत बसू नये, आणि रात्री उशिरा निघून वेळ वाचवू असे सुचविणाऱ्या चालकाला नम्रपणे नकार द्यावा. मिनिटांच्या बचतीसाठी आयुष्य पणाला लावण्याचा हा सौदा कोणत्याही सहलीत परवडणारा नाही. अभयारण्यात गाडीतून खाली न उतरण्याचा नियमही याच पठडीतला, आणि तो कोणाच्याही छायाचित्रासाठी मोडावयाचा नाही.

कुत्रा, माकड किंवा कोणताही सस्तन प्राणी चावला अथवा ओरबाडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालय गाठावे. जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही लागते. “घरी जाऊन पाहू” हे वाक्य या रोगात जीवघेणे ठरते, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर चढणारे आपल्याकडील तरुण आता पुष्कळ आहेत, आणि त्यांना एवढेच सांगणे : तीन हजार मीटरनंतर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, आणि डोकेदुखीबरोबर झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर रात्र असो वा पहाट, ताबडतोब खाली उतरावे. शिखरे पुन्हा भेटतात.

*

या सर्वांपेक्षा अधिक काळजी ज्याची घ्यावयाची ते आपले जुने दुखणे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आपल्याबरोबरच विमानात बसतात. रोजच्या औषधांचा संपूर्ण साठा, आणि वर एक आठवड्याचा जादा, हातातल्या पिशवीत ठेवावा. सामानाच्या कोठीत ठेवलेले इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा संभव असतो. औषधे मूळ वेष्टनात असावीत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांची शास्त्रीय नावे लिहिलेली असावीत, कारण आपल्याकडची व्यापारी नावे परदेशी औषधविक्रेत्याला उमगत नाहीत. चार तासांपेक्षा अधिक लांबीच्या विमानप्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तरी निरोगी माणसाच्या बाबतीत तो सुमारे सहा हजार प्रवाशांत एक इतकाच असतो. तासा-दीड तासाने उठून चालणे आणि बसल्या जागी पोटऱ्या हलविणे, एवढे पुरते. पूर्वी गुठळी झालेल्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विम्याच्या बाबतीत एकच कसोटी लावावी : दूरच्या अभयारण्यातून मोठ्या रुग्णालयापर्यंत विमानाने नेण्याचा खर्च तो उचलतो काय? पूर्व आफ्रिकेत ही सोय जुनी आहे. दुर्गम भागांत डॉक्टर विमानाने पोहोचावेत या कल्पनेतून १९५७ साली तेथे जे कार्य सुरू झाले, त्याच्या ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ सेवेची विमाने आजही नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडतात. परंतु ती बोलावण्याचा खर्च फार मोठा असतो. विमा घेताना जुना आजार लपविणारा मनुष्य हप्त्याचे थोडे पैसे वाचवितो, आणि संकटाच्या दिवशी त्याचा संपूर्ण दावा नामंजूर होतो. आपल्या वकिलातीचा पत्ता, विम्याचा क्रमांक, रक्तगट आणि औषधांची यादी एका कागदावर लिहून त्याची एक प्रत घरच्यांकडे ठेवणे, हे पाच मिनिटांचे काम कोणीही टाळू नये.

*

प्रवास संपला म्हणजे जबाबदारी संपली, असे होत नाही. फाल्सिपॅरम हिवताप डास चावल्यानंतर साधारण आठवड्याने, आणि कित्येकदा महिना-दोन महिन्यांनीही उसळतो. म्हणजे तोवर मनुष्य आपल्या नित्याच्या व्यवहारात बुडून गेलेला असतो, आणि ताप आला की “हवा बदलली” असे म्हणतो. डॉक्टरही आपल्या गावातील नेहमीचे ताप मनात धरून औषध देतो. आफ्रिकेतून परतल्यापासून तीन महिन्यांत आलेला कोणताही ताप हा तपासणीअंती वेगळे ठरेपर्यंत हिवतापच समजावा, आणि त्याच दिवशी रक्त तपासावे. यात एका दिवसाची दिरंगाईही घातक ठरू शकते.

१८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, आणि परक्या थंडीत, अपरिचित आहारावर, क्षीण होत गेलेल्या प्रकृतीनिशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. क्षयाचा जंतू कोणता हेदेखील रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली नुकते दाखविले होते. आनंदीबाईंच्या वाट्याला जे ज्ञान आले नाही ते आज आपल्या गावच्या दवाखान्यात उपलब्ध आहे, आणि ते मिळविण्यासाठी कित्येक शास्त्रज्ञांनी आपले प्राण वेचले आहेत. ते हाताशी असून न वापरणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

पूर्वी मुहूर्त साधण्यासाठी निघण्याआधीच कोणाच्या तरी घरी प्रस्थान ठेवण्याची चाल होती. आजच्या प्रवाशाने ते डॉक्टरांकडे ठेवावे, आणि जाण्यापूर्वी किमान सहा ते आठ आठवडे ठेवावे. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी; खोट्या दाखल्याला स्पर्श करू नये; हिवतापाच्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्याव्यात; आणि परत आल्यावर ताप आलाच, तर डॉक्टरांपुढे बसताच, इतर काहीही सांगण्यापूर्वी, आपण कोणत्या देशातून आणि कधी परतलो ते सांगावे.